सत्तरचं दशक, लता-आशा सोडून: तुमची गायिका कोण?

मोडका ट्रान्झिस्टर
दिवाळीआधी माळा साफ करायला घेतला तर बाबांची एक वही सापडली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, वर शाईनं 'गाणी १९७१ ते' एवढंच, पुढचा आकडा टाकायचा राहूनच गेलाय. आत रेडिओवर ऐकलेली गाणी. तारीख, पहिली ओळ, सिनेमा, गायक. बुधवारची पानं गच्च, कारण रेडिओवरची बिनाका गीतमाला. अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, पण शिस्त अशी की गायिकेचं नाव कळलं नाही तर अंदाज ठोकलेला नाही, सरळ '?' टाकलाय.
लता आणि आशा एवढ्या वेळा येतात की बाबांनी पुढे कंटाळून नुसतं 'ल' आणि 'आ' लिहायला घेतलं. त्या ल-आ-ल-आ-आ-ल मधून मध्येच एखादं अख्खं नाव उगवतं. हेमलता. सुलक्षणा पंडित. रुना लैला. वाणी जयराम (दोनदा अधोरेखित, का ते आता विचारता येणार नाही).
तर प्रश्न: १९७० ते ७९, लता आणि आशा बाजूला ठेवून, तुमची सर्वोत्तम गायिका कोण? माझं मत उषा मंगेशकर. कारण नंतर सांगतो, आधी तुम्ही भांडून घ्या.

कांदाभजी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गानवेडी सांगली
अटच चुकीची आहे. सचिन सोडून सर्वोत्तम फलंदाज कोण असं विचारतो का आपण?

कांदाभजी
विचारतो की. द्रविडचे लोक रोज विचारतात.

आकडेबाज
ट्रान्झिस्टरराव, तुमची अट नवीन नाही, ती खुद्द लताबाईंनीच घातली होती. 'जीने की राह'च्या गाण्यासाठी फिल्मफेअर घेतलं आणि मग सांगितलं की आता माझा विचार करू नका, नवीन मुलींना द्या. त्यानंतरची यादी बघा, समारंभाच्या वर्षाप्रमाणे देतो. १९७१ शारदा. ७२, ७३, ७४, ७५ सलग आशा. ७६ सुलक्षणा पंडित, 'तू ही सागर है तू ही किनारा'. ७७ हेमलता, 'चितचोर'. ७८ प्रीती सागर, 'मंथन'. ७९ परत आशा, 'डॉन'. ८० वाणी जयराम, 'मीरा'. ७९ नंतर आशाबाईंनीही नाव काढून घेतलं.
म्हणजे नव्या मुलींसाठी खुर्ची रिकामी केली आणि धाकटी बहीण चार वर्षं त्यावर बसून राहिली. हलके घ्या.

गानवेडी सांगली
हलकं कशाला घेऊ? ती चार वर्षं म्हणजे 'पिया तू अब तो आजा', 'दम मारो दम', 'होने लगी है रात जवां' आणि 'चैन से हमको कभी'. पहिलं आणि शेवटचं एका पाठोपाठ एक ऐकून बघा, एकाच गळ्यातून आलंय यावर विश्वास बसणार नाही. आणि ते शेवटचं तर सिनेमात ठेवलंच नव्हतं, काढून टाकलेलं गाणं, तरी बक्षीस त्यालाच. आता तुम्ही म्हणता आशा बाजूला ठेवा!

रात्रपाळी
मला एक कळत नाही, सत्तरच्या दशकातली लता लोक एवढी डोक्यावर का घेतात. पन्नासची लता म्हणा, मी लोटांगण घालतो. पण सत्तरमध्ये आवाज टोकदार झाला होता, आणि काही संगीतकार तर पट्टी एवढी वर नेऊन ठेवायचे की आमच्या जुन्या मर्फीचा स्पीकर थरथरायचा.

गानवेडी सांगली
@रात्रपाळी मर्फीचा दोष बाईंच्या माथी मारू नका. 'परिचय'चं 'बीती ना बिताई रैना' ऐका. 'कोरा कागज'चं 'रूठे रूठे पिया' ऐका. दोन्हीला राष्ट्रीय पुरस्कार आहेत. 'रजनीगंधा' ऐका, कुठे आहे टोक? 'मालवून टाक दीप' ऐका, तेही दिवा मालवून ऐका. आणि १९७४ चं 'शिवकल्याण राजा'. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा हृदयनाथांनी केलेलं, आमच्या घरी शिवजयंतीला आजही लागतं.

रात्रपाळी
'मालवून टाक दीप' कबूल. त्यावर वाद नाही. बाकी मत कायम.

मोडका ट्रान्झिस्टर
अहो लता-आशा बाजूला ठेवा म्हटलं होतं ना? नवव्या प्रतिसादापर्यंत त्याच चालल्यात.

कांदाभजी
बाबांची वहीसुद्धा तशीच होती असं तुम्हीच लिहिलंत.

तंबोरा
धाग्यात आत्तापर्यंत एकानंही सिनेमाबाहेर डोकं काढलेलं नाही. सत्तरच्या दशकात या महाराष्ट्रात किशोरी आमोणकर गात होत्या. प्रभा अत्रे गात होत्या. प्रभाताईंची मारुबिहाग-कलावतीची तबकडी ज्या घरात होती तिथे शेजारपाजारचे लोक ऐकायला यायचे. 'जागू मैं सारी रैना' आणि 'तन मन धन', दोन्ही त्यांच्याच बंदिशी. गाणारी तीच, बांधणारी तीच. पार्श्वगायिकेला चाल कोणी दुसऱ्यानं द्यायची, ठेका तिसऱ्यानं, शब्द चौथ्यानं, आणि तीन मिनिटांत आटपायचं. तुलनाच कशाला करायची?

रात्रपाळी
तीन मिनिटांत आटपायचं हे अवघड की अर्धा तास घोळायचं हे अवघड, यावर वेगळा धागा काढा.

तंबोरा
घोळायचं??

कांदाभजी
पॉपकॉर्न संपले, दुसरी पिशवी आणतो.

गानवेडी सांगली
तंबोरा, किशोरीताईंची 'जाईन विचारीत रानफुला' आणि 'हे श्यामसुंदर राजसा' ही तीन-चार मिनिटांचीच आहेत हो. तिथे बाईंनी सगळा पसारा आवरून जे चिमटीत धरलंय ते मला त्यांच्या मोठ्या ख्यालाइतकंच मोठं वाटतं. उगाच दोन गट पाडू नका.

म्हापशेकार
आमच्याकडचं नाव कुणी घेणार नाही हे माहीत होतं म्हणून मीच घेतो. लोर्ना, आमची कोकणी गाणारी. ख्रिस पेरीच्या चाली, मागे सणसणीत ब्रास आणि वर लोर्नाचा आवाज, जाडसर, किंचित घोगरा, कुणाच्या बापाला न घाबरणारा. 'बेबडो', 'पिसो', 'रेड रोज'. आमच्या वाड्यावर लग्नाला बँड आला आणि लोर्नाचं गाणं वाजलं नाही तर ते लग्न झालं असं धरत नसत. आणि मग सत्तरच्या दशकात ती गप्प झाली ती झालीच. वीसेक वर्षं गाणंच नाही. १९९५ ला परत उभी राहिली तेव्हा लोक रडत होते. तर माझं मत सत्तरच्या दशकात न गायलेल्या गायिकेला.

आकडेबाज
न गायलेल्या गायिकेला मत! हे माझ्या तक्त्यात कुठल्या रकान्यात टाकू?

म्हापशेकार
'ल' मध्ये टाका. ट्रान्झिस्टरच्या बाबांना चाललं असतं.

पावसाळी पुणेकर
सुमन कल्याणपूर. विषय संपला.

पावसाळी पुणेकर
बरं, थोडं लिहितो. 'निंबोणीच्या झाडामागे', 'बाळा गाऊ कशी अंगाई' मधलं, १९७७. माझ्या आईनं मला हे म्हणून झोपवलं, मी माझ्या मुलीला म्हणून झोपवायला गेलो तर ती म्हणाली बाबा तुम्ही रडताय का. ही अंगाई झोप आणणारी नाहीच, मोठ्यांना उठवून बसवणारी आहे. आणि 'बहना ने भाई की कलाई से', १९७४ ची 'रेशम की डोरी'. राखीच्या दिवशी आजही सकाळी सातपासून वाजतं आणि निम्म्या लोकांना वाटतं की लता. बाईंचं दुखणंच ते. रेडिओवर त्यांचं गाणं लागायचं आणि श्रेय भलतीकडे जायचं.

मोडका ट्रान्झिस्टर
@पुणेकर अंगावर काटा आला. वहीत अशी तीन-चार गाणी आहेत जिथे बाबांनी आधी 'ल' लिहून मग खोडून 'सु' केलंय. आणि एका ठिकाणी शाईनं 'ल', त्यावर पेन्सिलनं 'सु?', त्याखाली आईच्या अक्षरात 'सुमनच आहे!!' दोन उद्गारचिन्हांसकट. आईचा गळा गोड होता, ती सुमनबाईंचीच गाणी म्हणायची. बाबांनी शेवटी हार मानून सगळं खोडून 'सु' लिहिलंय.

लिंबूटिंबू
बाय द वे निंबोणी म्हणजे कडुनिंब ना?

तंबोरा
नाही. कडुनिंबाची ती निंबोळी. निंबोणी म्हणजे लिंबाचं झाड.

लिंबूटिंबू
मग लिंबाच्या बुटक्या झाडामागे चंद्र कसा काय झोपेल? कडुनिंबच पाहिजे.

पावसाळी पुणेकर
बाळाच्या उंचीवरून बघा. दिसेल.

रात्रपाळी
पुणेकरांनी आज पहिल्यांदा कुणाला नीट उत्तर दिलं, नोंद घ्या.

बंगळुरूकर
वाणी जयरामवर कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहितो. वेल्लोरची मुलगी, स्टेट बँकेत नोकरी, लग्नानंतर बदली घेऊन मुंबईला आली, पतियाळा घराण्याच्या अब्दुल रहमान खाँसाहेबांकडे शिकायला लागली आणि बँक सोडली. वसंत देसाईंनी तिच्याकडून पहिल्यांदा गाऊन घेतलं ते मराठीत. आणि काय गाऊन घेतलं, तर 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी', कुमार गंधर्वांसोबत! कोल्हटकरांच्या 'देव दीनाघरी धावला' नाटकाचं पद. मराठी मातृभाषा नसलेली मुलगी कुमारांच्या बाजूला उभी राहते आणि एक 'ठ' इकडचा तिकडे होत नाही. मग १९७१ ला 'गुड्डी', 'बोले रे पपीहरा'. आमच्या शाळेत प्रार्थना कुठली होती? 'हमको मन की शक्ती देना'. तीही तीच.
आणि इकडे दक्षिणेत ती फक्त 'गुड्डी'वाली बाई नाही, इकडे ती राणी आहे. १९७५ ला तमिळ गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार, मग १९८० ला 'शंकराभरणम'. एस. जानकींनाही त्याच दशकात मिळालाय, इळैयाराजाच्या चालीला, १९७७ च्या सिनेमासाठी. तुमच्या दशकाला विंध्याच्या खालची खिडकीच नाही.

आकडेबाज
'ऋणानुबंधाच्या' मध्ये वाणी जयराम आहे हे मला आज कळलं. पन्नास वेळा ऐकलंय. मी आजवर फक्त कुमारच ऐकत होतो की काय.

गानवेडी सांगली
+१. लाज वाटली.

झिंगाट पिढी
माझा जन्म ९६ चा, मला ही निम्मी नावं माहीत नव्हती, सगळी लावून बघतोय. 'आप जैसा कोई' वाली नाझिया हसन चालेल का, भारी आवाज आहे.

आकडेबाज
'कुर्बानी' १९८०. बाद.

झिंगाट पिढी
एका वर्षानं?? काका तुम्ही जातपडताळणी कार्यालयात कामाला आहात का.

सोलापुरी चादर
मग माझं मत सुलोचना चव्हाण. 'सोळावं वरीस धोक्याचं'.

आकडेबाज
१९६४. बाद.

सोलापुरी चादर
'फड सांभाळ तुऱ्याला ग आला'?

आकडेबाज
१९६५.

सोलापुरी चादर
अहो पण आमच्याकडं ते सत्तरमध्येच पोचलं! रेकॉर्ड एस्टीनं यायच्या!

रात्रपाळी
मान्य करा हो आकडेबाज. सोलापूरला सवलत.

मिणमिणता दिवा
गीता दत्त. 'अनुभव', १९७१. कनू रॉय. 'मुझे जां न कहो मेरी जान' आणि 'कोई चुपके से आके'. पुढच्या जुलैत ती गेली. मागे वाद्यं जवळजवळ नाहीतच, आणि ती शब्द गातेय की आपल्याशी बोलतेय तेच कळत नाही. दशकातली मोजून तीन गाणी, एकाच सिनेमातली. मला पुरतात.

गानवेडी सांगली
...यावर काही बोलायचं नाही. दिवा, धन्यवाद.

पेटीवाली काकू
नमस्कार मी नवीन आहे सुनेनं अकाउंट काढून दिलंय चुकलं माकलं सांभाळा. मी १९७६ पासून पाच वर्षं कोल्हापूरकडच्या एका ऑर्केस्ट्रात लेडीज सिंगर होते तेव्हा पोस्टरवर असंच लिहायचे लेडीज सिंगर आणि खाली कुमारी अमुक. पाच पुरुष गायक एक किशोरचा एक रफीचा एक मुकेशचा असे वाटून घेतलेले आणि बायकांत मी एकटी म्हणजे लता पण मीच आशा पण मीच सुमन पण मीच आणि भाऊगर्दी जमली की उषा पण मीच. म्हणून तुमचा धागा वाचून हसू आलं, तुम्ही लता आशा बाजूला ठेवा म्हणता मला कोणी बाजूला ठेवू दिलंच नाही.
आता गाऊन बघितलेलीचं मत ऐका. लताबाईंचं गाणं आलं की आमचा अॅकॉर्डियनवाला विचारायचा वहिनी पट्टी खाली घेऊ का (लग्न झालं नव्हतं तरी वहिनी म्हणायचा कारण त्याच्या भावाशी जमवायचं त्याच्या मनात होतं, ते जमलं नाही). दोन पट्ट्या खाली घेऊन पण घाम फुटायचा. रजनीगंधा ऐकायला कसं वाऱ्यासारखं, पण गायला घेतलं की श्वास कुठं घ्यायचा तेच सापडत नाही, मी वहीत गाण्याच्या ओळीत पेन्सिलनं फुल्या केल्या होत्या इथं इथं श्वास. आशाबाईंचं उलटं, सूर मिळतो पण तो लचका मिळत नाही, पिया तू म्हणताना जो श्वासाचा आवाज आहे तो मी मायकावर करायला गेले तर पुढच्या रांगेतल्या आजीबाई म्हणाल्या पोरीला दमा आहे गं, पाणी द्या कुणीतरी.
पण वन्समोअर कशाला यायचा सांगू? उषाताईंना. मला लागली कुणाची उचकी म्हटलं की फेटे उडायचे. आणि मुंगडा. सिनेमा ७७ चा, आमच्याकडं गणपतीत सुरू झालं ते मी सोडेपर्यंत रोज. त्यात गंमत अशी की ते ओरडून म्हणायचं नाही, ओरडलं की बाजारू होतं आणि दाबून म्हटलं की पडतं, मधे एक बारीक पायवाट आहे त्यावरनं चालायचं. उषाताई त्यावरनं पळाल्यात.
एका गावात मंडळानं रात्रभर गाऊन घेतलं आणि सकाळी पैसे मागितले तर खजिनदार गायब. कुणीतरी दया येऊन माणशी एक गुळाची ढेप दिली. मी ढेप मांडीवर घेऊन एस्टीनं घरी आले, आई म्हणाली आज गाणं गोड झालं वाटतं.

कांदाभजी
काकू, पॉपकॉर्न बाजूला ठेवून उभा राहून टाळ्या वाजवतोय.

झिंगाट पिढी
काकू लेजंड. दमा, हाहाहा.

तंबोरा
श्वासाच्या फुल्यांची गोष्ट ऐकून माझा वरचा 'तीन मिनिटांत आटपायचं' हा शब्द मागे घेतो. सलील चौधरींच्या चालीत श्वास शोधणं हे खरंच अवघड काम आहे.

रात्रपाळी
मग मीही 'घोळायचं' मागे घेतो. फिटंफाट.

मोडका ट्रान्झिस्टर
काकूंनी माझं काम करून टाकलं. उषा मंगेशकर का, तर हेच. १९७२ 'पिंजरा': राम कदमांच्या चाली, खेबुडकरांचे शब्द, आणि अख्खा तमाशाचा फड एका गळ्यावर उभा. १९७५ 'जय संतोषी माँ': 'मैं तो आरती उतारूं रे'. ज्या वर्षी 'शोले' आणि 'दीवार' आले त्या वर्षी हा कमी खर्चातला सिनेमा त्यांच्या बरोबरीनं चालला, आणि चालला तो निम्मा या आरतीवर. १९७७ 'मुंगडा': पडद्यावर हेलन. लावणी, आरती, दारूचा गुत्ता. पाच वर्षांत तिन्ही. आणि तरी सर्वोत्तम कोण म्हटलं की बाईंचं नाव तिसऱ्या बहिणीचं म्हणून घेतात, तेही चौथ्या चहानंतर.

सोलापुरी चादर
आमची आजी संतोषी माँला गेली होती तेव्हा थेटरच्या दारात चपला काढून आत गेली. बाहेर आली तेव्हा चपला नव्हत्या. ती म्हणाली देवीनंच नेल्या असतील. आरतीला लोक पडद्यावर पैसे फेकायचे, माझे काका इंटरव्हलला खुर्च्यांखाली शिरून ते गोळा करायचे, त्यावर त्यांनी परत दोनदा तोच सिनेमा बघितला.

रात्रपाळी
@ट्रान्झिस्टर उषाताईंबद्दल आदर आहे पण तीन गाण्यांवर दशक देता येत नाही.

मिणमिणता दिवा
मी वर तीन गाण्यांवरच दिलंय.

रात्रपाळी
तुमचं वेगळं आहे.

मिणमिणता दिवा
कसं काय?

रात्रपाळी
माहीत नाही. पण वेगळं आहे.

डोंबिवली फास्ट
एक रुना लैला राहिली. 'घरोंदा', १९७७, जयदेव. 'तुम्हें हो ना हो'. बांगलादेशातून आली आणि मुंबईत घर शोधणाऱ्या जोडप्याचं गाणं म्हणून गेली, 'दो दीवाने शहर में' भूपिंदरबरोबर. मी ८:१७ च्या लोकलमध्ये हे ऐकत हप्ते मोजतो. आणि 'अष्टविनायक' मधली अनुराधा पौडवाल, १९७९, वसंतरावांबरोबर 'प्रथम तुला वंदितो'. आकडेबाज, ७९ आहे, बाद करू नका.

आकडेबाज
काठावर पास.

गानवेडी सांगली
बाकी एक बघा. सुलक्षणा, हेमलता, प्रीती सागर, सगळ्यांना एकेक फिल्मफेअर मिळालं आणि पुढे? 'मेरो गाम काठा पारे' इतका वेगळा, मातीचा आवाज, त्याच प्रीती सागरचं 'जूली' मधलं इंग्रजी गाणंही लोकांच्या तोंडी होतं, तरी तिच्या वाट्याला पुढे किती गाणी आली? गुणाचं कमी नव्हतं. काम कुणाला मिळायचं ते ठरलेलं होतं. मी लताची भक्त आहे आणि तरी हे लिहितेय.

रात्रपाळी
सांगलीहून हे येईल असं वाटलं नव्हतं. अनुमोदन.

तंबोरा
एका बाजूनं खरं आहे. दुसरी बाजू काकूंनी सांगितली, पट्टी दोन खाली घेऊनही घाम फुटत होता. निर्माता पैसे घालतो तेव्हा एका टेकमध्ये देणारीलाच बोलावतो.

मोडका ट्रान्झिस्टर
सगळे जमलेच आहात तर एक कोडं सोडवा. वहीच्या शेवटाकडे एका पानावर तारीख नाही, सिनेमा नाही, फक्त लिहिलंय: 'चष्मे नम - ?' आणि पुढे 'नवीन बाई. फार छान.' मला वाटलं चष्म्याच्या दुकानाचा काहीतरी हिशोब चुकून या वहीत आला, बाबांना तेव्हाच चष्मा लागला होता. पण मग 'नवीन बाई, फार छान' काय? आईला दाखवायची हिंमत होत नाहीये.

झिंगाट पिढी
काका गेले कामातून, हाहाहाहा.

कांदाभजी
चष्म्याच्या दुकानातली नवीन बाई! धाग्याला आत्ता रंग चढला.

मिणमिणता दिवा
चष्मा नाही हो. चश्म-ए-नम. पाणावलेले डोळे. 'आपकी याद आती रही रात भर, चश्म-ए-नम मुस्कुराती रही रात भर'. हैदराबादच्या मख्दूम मोहिउद्दीन यांची गझल. 'गमन', १९७८, संगीत जयदेव. गायिका छाया गांगुली, आकाशवाणीवर नोकरी करणारी, या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गावाकडे वाट बघत बसलेली स्मिता पाटील आणि इकडे मुंबईत टॅक्सी चालवणारा फारुख शेख. तुमच्या बाबांनी पहिली ओळ सोडून दुसरी लिहिली कारण बहुतेक रेडिओ उशिरा लावला असणार.

डोंबिवली फास्ट
'सीने में जलन' वाला सिनेमा! त्यातच हे आहे? सुरेश वाडकरांच्या नादात हे निसटलं.

गानवेडी सांगली
आत्ता लावलं. दोनदा ऐकलं. 'नवीन बाई. फार छान.' यात एक शब्द वाढवायचा नाही की कमी करायचा नाही.

मोडका ट्रान्झिस्टर
काल रात्री आईला मोबाइलवर लावून दिलं. तिला ऐकायला कमी येतं म्हणून फोन कानाशी धरून बसली. संपल्यावर म्हणाली, हे दादरला असताना लागायचं, तुझ्या बाबांनी दोन महिने नाव शोधलं, नाक्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला पण विचारलं, त्यानं सांगितलं लताच असणार, हे चिडून घरी आले. मी वही काढली आणि '?' च्या पुढे छाया गांगुली लिहायला गेलो तर आई म्हणाली, तू नको, तुझं अक्षर बरं नाही, दे इकडे. तिनंच लिहिलं. हात थरथरतो तिचा, 'गांगुली'चा उकार खालच्या ओळीत गेलाय.

कांदाभजी
आज जोक नाही.

आकडेबाज
मतमोजणी करू का? उषा २ (एक काकूंचं), सुमन १, वाणी १, गीता १, लोर्ना १ (न गाता), सुलोचनाबाई १ (सोलापूर सवलतीत), रुना १, लता एक ठाम आणि अर्धं रात्रपाळीचं, ते अर्धं कसं मोजायचं ते सांगा.

मोडका ट्रान्झिस्टर
आईचं मत धरून सुमन २. आणि बाबांचं छाया गांगुलींना टाका.

पावसाळी पुणेकर
म्हणजे बरोबरी. फेरमतदान घ्या.

पेटीवाली काकू
मी कुणाला मत दिलंच नव्हतं पण राहू दे. एक मदत हवी होती, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात गुरुवारी गाण्याचा कार्यक्रम आहे, अध्यक्ष म्हणाले काकू तुम्ही मैं तो आरती उतारूं म्हणा, मी हो म्हटलं पण म्हणणार आहे मुंगडा. पेटीवाला विचारतोय मूळ पट्टी कुठली, तो तेवढीच विचारतो मग वाजवतो आपल्याच पट्टीत. कुणाला माहीत असेल तर बुधवारच्या आत सांगा.